लांब पल्ल्यासाठी जड बुलेटचं काडतूस: नवख्यांनी सुरुवात कुठून करायची

३०० मीटरपर्यंत नेम बसायला लागला की पुढची टार्गेटं खुणावू लागतात. ६००-७०० मीटरवर गेल्यावर कळतं की इथे खरी गाठ वाऱ्याशी आहे. मग कोणीतरी जाणता सांगतो, "जड बुलेट घे." सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. जड बुलेट म्हणजे लांब बुलेट. ती घेतली की नळीचा ट्विस्ट, चेंबरचा घसा (चेंबरच्या पुढे नळी सुरू होते तो भाग), मॅगझिनची लांबी, केसमधली (काडतुसाच्या नळकांड्यातली) पावडरची जागा आणि दाब असा सगळाच हिशेब नव्याने मांडावा लागतो. हा हिशेब कोणत्या क्रमाने मांडावा, कुठे वेळ घालवावा आणि कुठे घालवू नये, ते इथे सांगतो.

कामाला हात घालण्याआधी दोन गोष्टी. घरी काडतूस भरायला परवाना लागतो का, पावडर आणि प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) किती ठेवता येतात, कसे ठेवायचे, याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. ते आधी पाहा. काही ठिकाणी हे काम सरळ बेकायदा आहे, आणि तिथे विषय तिथेच संपतो. दुसरी गोष्ट, या लेखात पावडरचं एकही वजन दिलेलं नाही, आणि ते मुद्दाम. ते वजन पावडर किंवा बुलेट बनवणाऱ्यांनी छापलेल्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यायचं. ओळखीच्या माणसाचा 'माझ्या रायफलमध्ये मस्त चालतो' असा लोड (बुलेट, पावडर, केस यांचा जुळवलेला मेळ) त्याच्या रायफलसाठी असतो. तुमचा चेंबर, तुमची केस आणि तुमचा पावडरचा लॉट वेगळा असतो.

जड बुलेटने नेमकं काय मिळतं

वाऱ्याने बुलेट किती सरकेल याचा एक जुना, साधा आणि बऱ्यापैकी अचूक नियम आहे. बुलेटला टार्गेटपर्यंत जायला लागलेला खरा वेळ घ्या. हवाच नसती आणि सुरुवातीचा वेग शेवटपर्यंत टिकला असता तर जो वेळ लागला असता, तो त्यातून वजा करा. उरलेल्या सेकंदांना आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणा. आलेला आकडा म्हणजे वाऱ्याने झालेली सरक.

समजा एक बुलेट ८०० मीटर प्रति सेकंदाने निघते आणि १००० मीटर जायला तिला १.८७ सेकंद लागतात. हवेशिवाय तिला १.२५ सेकंद लागले असते. फरक ०.६२ सेकंदांचा, म्हणजे दर १ मीटर प्रति सेकंद वाऱ्यामागे ६२ सेंटिमीटर सरक. दुसरी बुलेट हवा चांगली कापते. ती ८२० ने निघते आणि १.६४ सेकंदांत पोचते. तिचा फरक ०.४२ सेकंदांचा, सरक ४२ सेंटिमीटर. वारा ओळखण्यात तुमची १ मीटर प्रति सेकंदाची चूक झाली, आणि ती होतेच, तर पहिली बुलेट तुम्हाला ६२ सेंटिमीटर बाजूला नेते आणि दुसरी ४२.

म्हणजे महत्त्व आहे ते हवेत वेग टिकवण्याला. एका कॅलिबरमध्ये बुलेट जड केली की ती लांब होते आणि सहसा तिचा बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे हवा कापण्याच्या क्षमतेचा आकडा, वाढतो. हा आकडा दोन मापांत छापला जातो, जी१ आणि जी७. लांब, बोटीसारख्या निमुळत्या शेपटीच्या बुलेटला जी७ माप जास्त जुळतं. जी१चा आकडा मोठा दिसतो म्हणून डब्यावर तोच ठळक छापलेला असतो. दोन बुलेटची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापातले आहेत ना, ते पाहा.

वजनाइतकाच आकारही बोलतो. .३०८ (०.३०८ इंच व्यास) मधल्या सिएरा मॅचकिंगच्या दोन प्रसिद्ध बुलेट घ्या, १६८ ग्रेन आणि १७५ ग्रेन. फरक ७ ग्रेनचा, म्हणजे अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. पण १६८ ची शेपटी १३ अंशांनी निमुळती आहे आणि १७५ ची ९ अंशांनी. वेग आवाजाच्या वेगाजवळ उतरला की १६८ डगमगते. हजार यार्डांच्या अलीकडेच ती बेभरवशाची होते अशी तिची ख्याती आहे. १७५ तो टप्पा बऱ्यापैकी शांतपणे पार करते. १५ अंश सेल्सियसला आवाजाचा वेग सुमारे ३४० मीटर प्रति सेकंद असतो, आणि त्याच्या १.२ पटीपासून, म्हणजे साधारण ४१० पासून, हा त्रासाचा पट्टा सुरू होतो. तुमच्या टार्गेटपाशी बुलेट या पट्ट्याच्या वर राहावी हे पहिलं उद्दिष्ट ठेवा.

माझं मत विचाराल तर नवख्याने आपल्या कॅलिबरमधली सर्वांत जड बुलेट घेऊ नये. एक पायरी खालची घ्यावी. सर्वांत जड बुलेट खास नळ्यांसाठी, खास घशांसाठी बनलेली असते आणि छोट्या केसमधून इतकी हळू निघते की हवा कापण्याचा फायदा वेगात गमावते. एफ-टीआर या लांब पल्ल्याच्या एफ-क्लास नेमबाजीच्या प्रकारात फक्त .२२३ आणि .३०८ चालतात. तिथे लोक .३०८ मधून २०० ग्रेनच्या बुलेट मारतात हे खरं आहे, पण त्यांच्या लांब नळ्या आणि चेंबर त्याच कामासाठी कापलेले असतात.

पहिली पायरी: ट्विस्ट पाहा

बुलेट स्थिर राहते ती फिरकीमुळे, भोवऱ्यासारखी. बुलेट जितकी लांब, तितकी जास्त फिरकी लागते. नळीचा ट्विस्ट म्हणजे किती इंचांत एक फेरा. १:७ म्हणजे ७ इंचांत एक, म्हणजे जलद. १:१२ म्हणजे सावकाश. .२२३ च्या जुन्या १:१२ नळ्या ५५ ग्रेनच्या बुलेटसाठी होत्या. त्यांतून ७७ किंवा ८० ग्रेनची बुलेट मारली तर कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसतं, म्हणजे बुलेट आडवी होऊन लागते.

हे आधीच कळावं म्हणून डॉन मिलर यांचं सूत्र वापरतात. बुलेटचं वजन ग्रेनमध्ये घेऊन ३० ने गुणा. भागायचं या चार गोष्टींच्या गुणाकाराने: कॅलिबरच्या पटीत मोजलेल्या ट्विस्टचा वर्ग, इंचातल्या व्यासाचा घन, कॅलिबरच्या पटीत मोजलेली बुलेटची लांबी, आणि त्या लांबीच्या वर्गात १ मिळवून येणारी संख्या. येतो तो स्थिरतेचा आकडा. १ च्या खाली बुलेट कोलमडते. १.५ किंवा जास्त हवा. मधल्या पट्ट्यात बुलेट सरळ जाते, पण थोडी डुलत जाते आणि डब्यावर छापलेला कोएफिशंट पूर्ण देत नाही.

.३०८ मधली १.५ इंच लांब, २०० ग्रेनची बुलेट घ्या. लांबी ४.८७ कॅलिबर झाली. १:१२ नळीत आकडा येतो १.१२, आणि १:१० नळीत १.६२. तीच रायफल, तीच बुलेट, फक्त नळी वेगळी. एका नळीत ती रडतखडत जाते आणि दुसरीत आरामात. हेच गणित १.२४ इंच लांब, १७५ ग्रेनच्या बुलेटसाठी केलं तर १:१२ मध्येही १.७१ येतो. १:१२ ची .३०८ असलेल्यांनी १७५ वर थांबावं, ते याचमुळे. हे आकडे २८०० फूट प्रति सेकंद वेग आणि समुद्रसपाटीवरची १५ अंशांची हवा धरून आहेत. थंड, दाट हवेत आकडा थोडा उतरतो आणि उंच डोंगरावर चढतो. गणित नको असेल तर बुलेट बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळांवर हेच सूत्र मांडलेलं असतं.

डब्यावरच्या ट्विस्टवर विश्वास ठेवण्यापेक्षा तो मोजा. रायफल रिकामी आहे ना हे दोनदा पाहा. क्लीनिंग रॉडवर घट्ट पॅच लावून आत ढकला, रॉडवर खूण करा आणि एक फेरा पूर्ण व्हायला रॉड किती इंच सरकला ते पाहा.

दुसरी पायरी: बुलेट बसते का

लांब बुलेट काडतुसात दोनच दिशांना जाऊ शकते: बाहेर किंवा आत. बाहेर राहिली तर काडतूस लांब होतं आणि मॅगझिनमध्ये मावत नाही, नाहीतर तिचा पुढचा खांदा रायफलिंगला (नळीतल्या पिळाच्या खाचांना) टेकतो. आत गेली तर पावडरची जागा खाते आणि दाब वाढवते. .२२३ च्या नेहमीच्या मॅगझिनला काडतूस २.२६ इंचांपेक्षा लांब चालत नाही. ७७ ग्रेनच्या बुलेट त्या मापात बसतील अशाच बनवतात. ८० ग्रेनवाले एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये घालतात.

म्हणून पहिलं मोजमाप तुमच्या घशाचं. त्यासाठी भोक पाडलेली खास केस आणि दांडा असलेलं गेज मिळतं. बुलेट हलक्या हाताने पुढे ढकलायची, ती रायफलिंगला टेकली की दांडा आवळायचा. पाच-सहा वेळा मोजा. आकडे एकमेकांच्या जवळ यायला हवेत. दर वेळी वेगळा आकडा आला तर तुम्ही जोर लावताय.

मोजायचं ते बुलेटच्या टोकापर्यंत नव्हे. मॅच बुलेटची टोकं एकसारखी नसतात, एकाच डब्यातल्या दोन बुलेटच्या टोकांत डोळ्याला दिसेल इतका फरक असतो. कॅलिपरला कम्पॅरेटर लावून केसच्या बुडापासून बुलेटच्या गोलाईवरच्या ठरावीक व्यासापर्यंत मोजा. पुढे सगळं याच मापावर चालतं.

तिसरी पायरी: पावडर, आणि नावांचा सापळा

जड बुलेट सावकाश हलते, त्यामुळे तिच्यामागे सावकाश जळणारी पावडर लागते. जलद पावडर दाबाचं शिखर लवकर गाठते आणि वेग कमी देते. मॅन्युअलमध्ये तुमच्या कॅलिबरचं आणि तुमच्याच वजनाच्या बुलेटचं पान काढा. केस बऱ्यापैकी भरणारी पावडर निवडा. ती एकसारखी जळते, आणि चुकून दोनदा ओतली तर केस ओसंडून वाहते, चूक लगेच दिसते. उन्हाथंडीत वेग फारसा न बदलणारी पावडर मिळत असेल तर तीच घ्या. व्हार्गेट आणि एच४३५० लोकप्रिय आहेत त्यामागे हे मोठं कारण आहे.

आता सापळा. एच४३५० आणि आयएमआर ४३५० या एक नाहीत. एच४८३१ आणि आयएमआर ४८३१ याही नाहीत. आकडा तोच, डबे शेजारी-शेजारी, पण जळण्याचा वेग वेगळा आणि म्हणून चार्जही (एका काडतुसातलं पावडरचं वजन) वेगळा. डब्यावरचं पूर्ण नाव मॅन्युअलशी अक्षरन् अक्षर जुळवून पाहा. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा ठेवा. काम संपलं की हॉपरमधली (पावडर मोजून ओतणाऱ्या यंत्राच्या टाकीतली) पावडर त्याच डब्यात परत ओता, तेही लगेच. हॉपरमध्ये रात्रभर राहिलेली, नाव विसरलेली पावडर फेकायचीच असते, अंदाजाने वापरायची नसते.

मॅन्युअलमधला सुरुवातीचा चार्जही तितकाच पाळा. 'कमी घातली म्हणजे सुरक्षित' हा समज सावकाश पावडरच्या बाबतीत चुकीचा आहे. मोठ्या केसमध्ये अशी पावडर फार थोडी असेल तर ती नीट पेट घेत नाही आणि दाब अनपेक्षितपणे उसळू शकतो.

चौथी पायरी: केस

यावर पुस्तकं लिहिली गेली आहेत. मी थोडक्यात आवरतो. एकाच बनावटीच्या, एकाच लॉटच्या केसेस घ्या. लष्करी केसेस बहुधा जाड असतात, आतली जागा कमी, म्हणून त्याच चार्जला दाब जास्त. साइजिंग डायने (केस पुन्हा मापात आणणारा साचा) केसचा खांदा ०.००१ ते ०.००२ इंच इतकाच मागे ढकला. मानेची पकड साधारण ०.००२ इंच ठेवा. लांबी ट्रिम करा. मानेच्या आतली धार जास्त तिरकी मोडा, नाहीतर लांब बुलेटचं जॅकेट बसताना खरवडलं जातं. प्रायमर केसच्या बुडाच्या किंचित खाली बसायला हवा. बोट फिरवून पाहा, उंचवटा लागता कामा नये.

एका बारक्या गोष्टीकडे मात्र लक्ष द्या. सीटिंग डायमधला (बुलेट केसमध्ये बसवणारा साचा) दांडा बुलेटला टेकतो तिथे अंगठीसारखी पुसट खूण उठली का पाहा. लांब, निमुळत्या टोकाच्या बुलेटला नेहमीच्या दांड्याचा खोलगटपणा पुरत नाही. टोक आत तळाला टेकतं आणि दर काडतूस वेगळ्या खोलीवर बसतं. केस पावडरने गच्च भरलेली असेल तर ती खूण चांगली खोल उमटते. दोन्ही वेळा उपाय एकच: लांब बुलेटसाठी कापलेला दांडा घ्या.

पाचवी पायरी: चार्ज वर नेणं

मॅन्युअलच्या सुरुवातीच्या चार्जपासून निघा. .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर एवढ्या केससाठी ०.३ ते ०.५ ग्रेनच्या पायऱ्या ठीक आहेत. दर पायरीला दोन-तीन काडतुसं पुरेत. या फेरीत ग्रुप, म्हणजे कागदावर गोळ्या किती जवळ लागल्या ते, पाहायचाच नाही. इथे फक्त दोन गोष्टी शोधायच्या: वेग कसा चढतोय आणि दाबाची खूण कुठे दिसते.

.३०८ ची दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, .२२३ ची ५५,०००. घरी हा दाब मोजता येत नाही, म्हणून खुणा वाचायच्या. बोल्टचा दांडा उचलताना जड लागला, तर थांबा. केसच्या बुडावर इजेक्टरच्या (रिकामी केस बाहेर फेकणारा भाग) भोकाच्या आकाराचा चकाकता गोल डाग दिसला, तर थांबा. प्रायमरची गोलाकार कड सपाट होऊन खोबणीत पसरली, फायरिंग पिनच्या खड्ड्याभोवती कडा उठली, नवा प्रायमर खोबणीत सहज सरकायला लागला, तर थांबा. यातल्या काही खुणा सैल बोल्टमुळे किंवा मऊ प्रायमरमुळेही येतात. पण ते कारण नवख्याने स्वतःला सांगू नये.

वाईट गोष्ट अशी की खुणा उशिरा येतात. त्या दिसतात तोवर तुम्ही मर्यादा ओलांडलेली असू शकते. त्याहून प्रामाणिक साक्षीदार वेगमापक यंत्र. त्याच बुलेटला, तेवढ्याच नळीला मॅन्युअलमध्ये जो कमाल वेग दिलाय, तो तुम्हाला कमाल चार्जच्या अलीकडेच मिळाला, तर दाबही तिथवर पोचलेला आहे. वेग फुकट मिळत नसतो. तिथून मागे या.

बुलेट रायफलिंगला टेकवून बसवली तर दाब आणखी चढतो. प्रायमरची जात बदलली, केस बदलली, पावडरचा लॉट बदलला, तरी खालून पुन्हा सुरुवात. आणि चार्ज केलेलं काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये किंवा उन्हात पडू देऊ नका.

ट्रिगर दाबल्यावर 'फुस्स' असा दबका आवाज आला तर पुढची गोळी मारू नका. बुलेट नळीत अडकलेली असू शकते. नुसता 'खट' आवाज आला आणि काहीच झालं नाही, तर रायफल टार्गेटकडेच धरून किमान अर्धा मिनिट थांबा. त्यानंतर बोल्ट उघडा, नळी आरपार दिसते का ते पाहा.

सहावी पायरी: आकडे, आणि त्यांची फसवणूक

आता कमाल मर्यादेच्या सुरक्षित अंतरावरचा एक चार्ज निवडा. इथे बहुतेक नवखे घसरतात. ते दर चार्जला तीन-तीन गोळ्या मारतात, त्यातला सर्वांत लहान ग्रुप उचलतात आणि 'नोड (रायफलला मानवणारा चार्ज) सापडला' म्हणतात. पुढच्या आठवड्यात तोच लोड दुप्पट पसरतो, मग दोष पावडरला, हवेला, नशिबाला.

दोष गणिताचा असतो. एकाच लोडच्या तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरीने लहानच येतो. तोच लोड दहा गोळ्यांना सुमारे दीडपट पसरतो, कारण जास्त गोळ्यांत टोकाची गोळी येण्याची संधी जास्त. दहा वेगवेगळ्या चार्जचे तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप मांडले तर सगळे लोड अगदी सारखे असले तरी एखादा ग्रुप देखणा येणारच. तो देखणा ग्रुप हा शोध नव्हे, सोडत आहे.

वेगाच्या स्टँडर्ड डेव्हिएशनचंही (गोळ्यांचे वेग सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) तसंच. पाच गोळ्यांत तुम्हाला ६ फूट प्रति सेकंद मिळाले, तर खरा आकडा ३.६ ते १७ यांत कुठेही असू शकतो. वीस गोळ्यांत ६ मिळाले तर खरा ४.६ ते ८.८ यांत. पहिल्या आकड्यावर काहीच ठरवता येत नाही. चार्ज पायरीपायरीने वाढवत वेग कुठे 'सपाट' होतो ते शोधायची जुनी पद्धत आहे. तिच्यात दर पायरीला एकच गोळी मारली असेल तर दिसणारा सपाटपणा बहुतेकदा योगायोगच असतो. त्यावर वेळ घालवायला माझी हरकत आहे.

आणि स्टँडर्ड डेव्हिएशन किती कमी हवं? १००० मीटरवर १० फूट प्रति सेकंद, म्हणजे ३ मीटर प्रति सेकंद वेगफरकाने बुलेट साधारण १० सेंटिमीटर वर-खाली होते. वाऱ्याचं मघाचं गणित आठवा. तिथे १ मीटर प्रति सेकंदाच्या चुकीला ४२ ते ६२ सेंटिमीटर. हजार यार्डांच्या एफ-क्लास टार्गेटचं १० गुणांचं वर्तुळ १० इंची असतं. १० च्या आसपासचं डेव्हिएशन नवख्याला पुष्कळ आहे. ते ७ वर आणायला महिने घालवण्यापेक्षा तेवढ्या गोळ्या वाऱ्यात मारा. त्याआधी पावडर ०.१ ग्रेनपर्यंत नीट तोलली जाते का एवढं पाहा. तराजू पंख्याच्या झोतात नको.

नळीला अडकवायचं चुंबकीय वेगमापक वापरत असाल तर वेग आणि ग्रुप वेगवेगळे मोजा. नळीवर वजन लटकलं की मार जागेवरून हलतो. शेजारी ठेवायच्या रडार यंत्राला ही अडचण नाही.

सातवी पायरी: बसवण्याची खोली

रायफलिंगपासून बुलेट किती मागे राहते, ते बुलेटच्या आकारावर ठरवा. साध्या गोलाईच्या बुलेट याबाबत सहसा निवांत असतात, ०.०२० इंच मागे ठेवून सुरू करा, बहुतेकदा तिथेच थांबता येतं. टोकाला एकदम निमुळत्या होणाऱ्या, व्हीएलडी प्रकारच्या बुलेट नखरेल असतात. त्यांना ०.०१०, ०.०४०, ०.०७०, ०.१०० इंच अशा मोठ्या पायऱ्यांवर तपासा. ०.००३ इंचांच्या बारीक पायऱ्यांनी सुरुवात केली तर गोळ्या संपतील आणि हाती फक्त गोंधळ येईल. दर खोलीला दहा गोळ्या, दोन वेगळ्या दिवशी. त्यात ठळकपणे वाईट निघालेल्या खोल्या बाद करा. उरलेल्यांत जी मॅगझिनला मानवते ती घ्या. बुलेट आत ढकलत असाल तर वेग पुन्हा मोजा, कारण जागा कमी झाली आहे.

आठवी पायरी: लांबवर खात्री

लोड ठरला की वीस गोळ्यांचा सरासरी वेग घ्या. तो, बुलेटचा जी७, तुमची टेलिस्कोप नळीपासून किती उंच आहे ते आणि त्या दिवसाचं तापमान व हवेचा दाब बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरला द्या. १०० मीटरवर झीरो करा, म्हणजे नेम आणि मार एकाच जागी आणा.

लांब जाण्याआधी टेलिस्कोपचे क्लिक तपासा. १०० मीटरवर ओळंब्याने एक उभी रेघ आखा, खाली नेमबिंदू ठेवा आणि १० मिल वर फिरवून मारा. १०० मीटरवर १ मिल म्हणजे १० सेंटिमीटर, तेव्हा मार बरोबर १ मीटर वर आणि रेघेवर यायला हवा. ९८ सेंटिमीटरवर आला तर क्लिक २ टक्के कमी फिरतात. हे न तपासता लोक कोएफिशंट बदलत बसतात.

मग ६००, ८०० अशा टप्प्यांनी पुढे जा. गणितापेक्षा मार सातत्याने खाली किंवा वर येत असेल तर कॅल्क्युलेटरमधला वेग थोडा जुळवा. ही जुळवणी आवाजाच्या वेगाच्या पट्ट्यात शिरण्याआधीच्या अंतरावर करा. त्या पट्ट्यात बुलेट काय करेल हे गणिताला नीट सांगता येत नाही. जुळवायला १० मीटर प्रति सेकंदाहून जास्त बदल करावा लागत असेल तर चूक दुसरीकडे आहे. अंतर, क्लिक किंवा टेलिस्कोपची उंची पाहा.

प्रत्येक डब्यावर चिठ्ठी हवी: बुलेट आणि तिचा लॉट, पावडर आणि तिचा लॉट, चार्ज, प्रायमर, केस कितव्यांदा भरली, कम्पॅरेटरचं माप, तारीख, तापमान. प्रायमर आणि पावडर मूळ वेष्टनातच ठेवा, एकमेकांपासून दूर. काम झालं की साबणाने हात धुवा. प्रायमरच्या धुराळ्यात शिसं असतं, आणि केसेस घासून साफ करणाऱ्या टंबलरच्या भुशात ते साठत जातं.

घसा दर गोळीगणिक किंचित झिजून पुढे सरकतो. ३००-४०० गोळ्यांनी तो पुन्हा मोजा. बुलेट मूळ जागी ठेवून ग्रुप चांगला येत असेल तर पाठलाग करू नका. नळी नवी असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिल्या १००-२०० गोळ्यांत वेग आपोआप थोडा चढतो. त्याआधी ठरवलेला चार्ज मर्यादेजवळ असेल, तर २०० गोळ्यांनंतर वेग आणि केसची बुडं पुन्हा तपासल्याशिवाय मोठा साठा भरू नका.